खापरपणजोबांचं दफ्तर

चऱ्होलीच्या नव्या बंगल्यात बबनरावांनी काचेच्या पेटीत, मखमलीवर एक पिवळी वही मांडली होती. वर झेंडूचा हार. "आमच्या खापरपणजोबांचं मोडी दफ्तर हाय," वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवत होते.

पेटीवर वाकून ओळींवरून बोट फिरवत प्रभावतीबाईंनी नाक मुरडलं. पिंपरीच्या कंपनीत तीस वर्षं साहेबांची पत्रं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलेली बाई स्वतःच्या रेघोट्या ओळखणार नाही? कंपनी बंद पडल्यावर तिथलं सगळं भंगार ह्यानंच उचललं. अक्कल तेवढी उचलायची राहिली.

"बाई, तुमाला वाचता येतंय व्हय?" बबनराव खूश झाले. "मग वाचा की मोठ्यानं!"

बाईंनी चष्मा लावला. "चऱ्होलीचा हेल्पर बबन ड्युटीवर झोपलेला तिसऱ्यांदा सापडला. रडून पाया पडल्यामुळे यास कामावर ठेवण्यात येत आहे."