नाव सांगा, पैसे परत
आडेलहाइटची चूक एवढीच, की तिनं आभार मानले.

भाड्यानं घेतलेली गाडी कंपनीच्या ट्रकवर बसून राजधानीला, विंडहुकला, आधीच परत आली होती. आडेलहाइट आणि तिचा धाकटा भाऊ फ्रिट्स कचेरीत आले होते ते अनामत रक्कम परत घ्यायला. काउंटरवर रूबेन नावाचा पोरगेला कारकून होता. प्रवास कसा झाला, असं त्यानं रीतीपुरतं विचारलं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहावं तशी ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं.

वडिलांच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसवला होता, त्यावरचं कापड काढून तो उघडायचा विधी होता, म्हणून आईला घेऊन दक्षिणेला निघालो. खडीच्या रस्त्यावर फॅनबेल्ट तुटला, इंजिन उकळून बंद पडलं. कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, गाडीपाशीच थांबा, माणूस उद्या येईल. आईला साखरेचा आजार, पाणी संपलेलं, गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला. तेवढ्यात एक म्हातारबुवा गाढवांची गाडी घेऊन आले. त्यांनी काही विचारलं नाही. आपली गाडी रस्त्याकडेला सोडली, चारही गाढवं या मोटारीला जुंपली आणि चामड्याच्या दोरानं ओढत वस्तीपर्यंत नेली. ते वस्तीचे प्रवचनकार. प्रवचन बोलत नाहीत, गातात. वाटभर गाढवांच्या कानाशी चालत ते गात राहिले, मागच्या सीटवरून आई ओळीओळीला साथ देत राहिली आणि गाढवं त्या ठेक्यावर पावलं टाकत राहिली. कोरड्या नदीत एका धोंड्यावर बंपरचा खालचा भाग तडकला. कोण लक्ष देतो? आई जगली होती. दुसऱ्या दिवशी दगड उघडताना ती आपल्या पायांवर उभी होती.

सांगता सांगता आडेलहाइटचे डोळे भरून आले. समोर बघते तर रूबेन टाइप करत होता.

मग त्यानं समजावलं. गाडी आपोआप बंद पडली, तो खर्च कंपनीचा. फॅनबेल्टचा एक पैसाही तुम्हाला लागणार नाही. बंपर मात्र ओढताना तडकला, ते नुकसान वेगळं. कुठल्याही नुकसानीतला पहिला वाटा गाडी घेणाऱ्याचा, त्याला एक्सेस म्हणतात. विमा त्याच्या वरचं तेवढं बघतो, आणि परवानगीशिवाय ओढली असेल तर तेही बघत नाही. करारावर तुमची सही आहे, मॅडम.

म्हणजे अनामत बुडाली. आईच्या खोलीवर नवं छप्पर घालायचं, म्हणून दोन वर्षं बाजूला टाकलेली ती रक्कम.

"तुमची गाडी बंद पडली म्हणून त्यांनी ओढली ना?" तिनं विचारलं. "मग एकाच दुखण्याचे दोन तुकडे कशाला करता? तुमच्या सोयीचा तुमच्याकडे, उरलेला माझ्या गळ्यात?"

रूबेननं मान खाली घातली आणि मागच्या काचेच्या खोलीत बसलेल्या साहेबाकडे हळूच पाहिलं. एक वाट आहे, म्हणाला. ज्यानं ओढली त्याचं नाव आणि ठिकाण सांगायचं. कंपनी त्याच्याकडून वसूल करेल, तुमची रक्कम परत.

फ्रिट्सला हायसं वाटलं. तो ताईच्या कानाशी लागला. "औसी, सांगून टाक. त्या म्हाताऱ्याकडून काय नेणार आहेत ते?"

"गाढवं," आडेलहाइट म्हणाली.

तिनं दोन्ही तळहात काउंटरवर ठेवले. आवाज चढवला नाही, तरी साहेबानं काचेपलीकडून मान वर केली.

"माझ्या आईच्या तोंडात त्या माणसानं पाणी घातलं. आणि मी इथं उभी राहून, बंपर यानं फोडला, असं त्याच्याकडे बोट दाखवू? उद्या तुमचा माणूस कागद घेऊन त्याच्या दारात जाईल. तो त्यालाही पाणीच देईल, तसलाच आहे तो. लाज कोणाला वाटायची मग? घ्या पैसे. छप्पर काय, होईल कधीतरी. नाव मिळणार नाही."

रूबेन टाइप करायचा थांबला. मग अगदी खालच्या आवाजात, आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "औसी, रविवारी रेडिओवर आभार कोणी पाठवले होते? गाढवंवाल्या ऊम अपोलसचं नाव सगळ्या दक्षिणेनं ऐकलंय. माझ्या आईनंसुद्धा."

आडेलहाइटला आठवलं. खरंच की. आपणच तर हौसेनं नावगाव कळवलं होतं.

"रेडिओवरचं मला लिहिता येत नाही," रूबेन पुढं म्हणाला. "तुम्ही इथं बोललात तर लिहावं लागेल. मला विचारावंच लागतं. विचारतोय. सांगता?"

"नाही."

'नाव दिलं नाही' असं त्यानं टाइप केलं आणि कागद सहीसाठी पुढं सरकवला. त्याच्यावर रागवायचं आता जमेना, त्यामुळे राग आणखीच पेटला. काचेआड बसलेल्या साहेबापर्यंत तो पोचत नव्हता. सही करून ती म्हणाली, "तो तुकडा आणा."

"कोणता तुकडा?"

"बंपरचा. पैसे मी भरले, तर तो माझा."

साहेबानं वैतागून मान हलवली. मागच्या अंगणातून काळ्या प्लॅस्टिकची तडकलेली पट्टी आली. ती काखेत मारून आडेलहाइट भर रस्त्यातून चालत गेली. आपण तिच्याबरोबर नाहीच अशा बेतानं फ्रिट्स चार पावलं मागे.

दक्षिणेला घरी नेणाऱ्या मिनीबसमध्ये पट्टी आडवी धरावी लागली, दोघीतिघींच्या मांडीवरून. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय गं? तेव्हा आडेलहाइटनं पुन्हा साक्ष दिली. या वेळी डोळ्यांत पाणी नव्हतं. कंपनीचं नाव तिनं ठासून घेतलं, तिच्या कचेरीच्या रस्त्याचंही घेतलं. बोलता बोलता सूर लागला आणि ओळ संपली की ती पट्टीवर थाप मारू लागली. उन्हात कोण होतं? थाप. उद्या येतो कोण म्हणालं? थाप. मागच्या सीटवरून होकार येऊ लागले. "होय, औसी!" कुणीतरी खालचा सूर धरला. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला.

ती गाढवांपाशी आली आणि थांबली. "मग एक माणूस आला," एवढंच म्हणाली.

रविवारी बसमधल्या बहुतेकांनी रेडिओ ऐकलेला होता. तिनं पट्टीवर थाप मारली आणि साऱ्या बसनं होकार दिला. नाव कुणीच घेतलं नाही.