पांढरी व्हॅन आणि अकरा माणसं

नवी व्हॅन आली आणि वर्डेलची माणसं पळाली.

जुनी होती तोवर वर्डेल ती हाकायची आणि दर महिन्याला दूरच्या दवाखान्याला जायला अकरा जण तिच्यात बसायचे. ती एका बंद पडलेल्या चर्चची, विटकी तांबडी, मागचं दार दोरीनं बांधलेलं. पण तिच्यावर एक अक्षर नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, वर्डेल लोकांना बाजाराला घेऊन चाललीय. नवी पांढरीशुभ्र, आत थंडगार हवा, आणि दोन्ही अंगांना रंगवलेली पुरुषभर उंचीची लाल फीत नि ढब्बू अक्षरं : ‘एचआयव्हीसोबत जगू या, ताठ मानेनं!’ पहिल्या महिन्यात ताठ मानेची दोन माणसं सापडली. त्यानंतर एकही नाही.

यावर व्हॅन देणाऱ्या शहरातल्या संस्थेनं अहवाल केला. ‘हॅचर्स बेंड भागातल्या कृष्णवर्णीय समाजात आरोग्याविषयी अनास्था.’ वर्डेलला तो कागद चुलीत घालायचा होता, पण चूल विजेची. मग तिनं तो फ्रीजवर चिकटवला. रोज दूध काढताना राग ताजा व्हायचा.

ती अनास्था डोळ्यांनी पाहायला आज संस्थेचे मिस्टर प्रेस्कॉट आले होते. रंगानं वर्डेलसारखेच, पण दंतवैद्याचे चिरंजीव. जांभळा टाय, मांडीवर फाईल. आपली करडी मोटार त्यांनी पेट्रोल पंपावर लावली आणि व्हॅनमध्ये वर्डेलच्या शेजारी येऊन बसले.

“आज किती जण?”

“यायची असली तर एक.”

ती एक म्हणजे मिस लुबर्था. वय एकसष्ट. नवरा रुफस जाताना हा आजार ठेवून गेला. पुढं अंगावर चट्टे उठले, वजन उतरलं, तेव्हा गावच्या डॉक्टरनं दोन वर्षं टॉनिक दिलं आणि मलम दिलं. रक्त काही तपासलं नाही. चर्चला जाणारी विधवा बाई, हिला कशाला विचारायचं? शेवटी ती घेरी येऊन पडली, तेव्हा साठ मैलांवरच्या दवाखान्यात कळलं. त्या दवाखान्याचा नियम असा, की तीनदा गैरहजर राहिलं तर नाव कट. मग नवा अर्ज आणि चार महिने वाट. व्हॅन आल्यापासून लुबर्थाच्या दोन खेपा चुकल्या होत्या. आज तिसरी, अकरा वाजताची. आता साडेनऊ झाले होते.

ठरल्याप्रमाणे वर्डेलनं स्वस्त मालाच्या दुकानामागं व्हॅन लावली. लुबर्था कोपऱ्यावरून आली, फीत पाहिली आणि तशीच वळून दुकानात शिरली. वर्डेल मागोमाग गेली. साबणाच्या मांडणीपाशी लुबर्था पुडा उलटून वाचत उभी होती, जणू त्यावर बायबल छापलंय.

“मिस लुबर्था, किती साबण घेताय?”

“गेल्या दोन खेपांचे घरात पडलेत गं. आत शिरलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडावं लागतं.”

“चला. वेळ होतोय.”

“त्या जाहिरातीत बसून? तिकडं गल्ल्यावर ओझेलाची सून आहे, गावभर सांगेल. मरेन, पण त्या गाडीत बसणार नाही.”

“तेच म्हणते मी, मराल. गोळ्या किती उरल्यात?”

“नऊ दिवसांच्या.” तिनं पुडा छातीशी धरला. “वर्डेल, मी शाळेत पोरांना जेवण वाढते. उद्या माझ्या हातचं कोण खाईल?”

असं काही ऐकलं की वर्डेलचा संताप व्हायचा, आणि संताप झाला की तिला उगीच कुणाशीतरी गोड बोलावंसं वाटायचं.

“दहा मिनिटं थांबा इथंच,” ती म्हणाली. “दाढीच्या साबणाचंही वाचून घ्या.”

बाहेर प्रेस्कॉटसाहेबांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, “बाई, लपवलं की कलंक वाढतो. उघड वावरलं की लोकांची भीती जाते. संशोधन तसं सांगतं.”

“संशोधन कुठल्या गल्लीत राहतं, साहेब?”

“म्हणजे?”

“काही नाही. पट्टा बांधा.”

तिनं व्हॅन थेट मुख्य रस्त्यावर काढली आणि कॉर्नेल न्हाव्याच्या दुकानासमोर बैलगाडीच्या वेगानं आणली. बाकावरची चार माणसं उठून उभी राहिली.

“काय वर्डेल, नवं गिऱ्हाईक?”

“तोंडावरून वाटत नाही गं!”

“कुणाच्या तोंडावरून वाटतं? बिचारा. टाय तरी बघ.”

प्रेस्कॉटसाहेबांनी काच खाली केली. “मी पेशंट नाही! मी संस्थेचा अधिकारी आहे!”

“हो रे बाळा,” बाकावरचा म्हातारा मायेनं म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.”

चौघे हसून लोळले. एकानं फोन काढून फोटो घेतला. काच वर गेली. साहेब खुर्चीत खाली सरकले आणि फाईल तोंडापुढं धरून बसले.

चौक ओलांडल्यावर वर्डेलनं व्हॅन थांबवली. आता तिच्या आवाजात गोडवा उरला नव्हता.

“चार मिनिटं लोकांनी पाहिलं तुम्हाला, साहेब. संध्याकाळी तुम्ही तुमच्या घरी जाल. तिला मात्र याच रस्त्यावर म्हातारं व्हायचंय. आणि घाईघाईनं काय ओरडलात तुम्ही? ‘मी नाही.’ रोग नसताना! शहरात या गोळ्या कोपऱ्यावर मिळतात. आम्हाला त्यासाठी साठ मैल जावं लागतं, तेही कपाळावर पाटी लावून, आणि आलो नाही तर अनास्था आमची?”

तिनं तळहात पुढं केला.

“तुमच्या मोटारीची किल्ली द्या.”

“बाई, विम्याचे नियम...”

“नियम तुमच्याकडं ढीगभर आहेत. तिच्याकडं नऊ दिवसांच्या गोळ्या आहेत.”

शेवटी फाईलीआडून किल्ली आली.

पंपावर त्यांनी गाड्या बदलल्या. दुकानामागून लुबर्थाला घेतलं. ती करड्या मोटारीत मागं बसली, मांडीवर साबणाचा तिसरा पुडा. वर्डेलनं गाडी अशी हाकली, की कापसाची शेतं आणि फळ्या ठोकून बंद केलेलं जिल्ह्याचं इस्पितळ एकाच दमात मागं पडलं. लुबर्था वाटेत एकदाच बोलली, “देवा, आज पोलीस नको.”

अकराला तीन मिनिटं कमी असताना त्या दवाखान्याच्या काचेच्या खिडकीशी पोचल्या. आतल्या मुलीनं यादीवर बोट फिरवलं.

“आहे. बसा.”

रक्त घेतलं, वजन केलं, तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. लुबर्थानं त्या साबणाच्या पिशवीत खाली सारल्या, वर पुडा ठेवला आणि तेव्हा कुठं ती रडली. वर्डेल तिची पाठ थोपटत राहिली. चांगलं झालं असं काही तिला म्हणवेना. बाईनं हक्काच्या औषधासाठी चोरासारखं यावं, यात चांगलं काय?

प्रेस्कॉटसाहेब अर्ध्या तासानं पोचले. व्हॅन त्यांनी दवाखान्यापासून दूर, झाडाआड लावली होती.

“मी अहवालात लिहितो,” ते हळूच म्हणाले.

“लिहा. अक्षरं कधी खरवडताय?”

“समितीची मंजुरी लागेल. बैठक पुढच्या महिन्यात आहे.”

वर्डेलनं करड्या मोटारीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. “मग तोवर ही माझ्याकडं. अजून दहा जण राहिलेत.”

“अहो, पण मी शहरात कसा जाऊ? दीडशे मैल आहे!”

“व्हॅन आहे की. आत थंडगार हवा आहे.”

साहेबांनी मागं झाडाआडच्या व्हॅनकडं पाहिलं. भांडण काही त्यांना जमलं नाही.

वर्डेल लुबर्थाला घेऊन मोटारीशी आली आणि दार उघडण्याआधीच तिनं पहिला फोन लावला.

“हॅलो, मिस्टर अल्व्हिन? वर्डेल बोलतेय. ऐकून तर घ्या. उद्या सकाळी आठला तयार राहा. नाही, ती नव्हे. करडी आहे. नाही हो, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही.”