वाचणारीचं नाव

पुण्यात बिबवेवाडीतल्या त्या बोलक्या वाचनालयात पुस्तकं नव्हतीच. होत्या त्या नुसत्या गोष्टी, बायकांनी आपल्या सवडीने माइकसमोर बसून अंध मुलांसाठी वाचलेल्या. सत्तरी उलटली तरी नीरजाताई रोज येऊन त्या सांभाळत. आज त्यांच्यासमोर अठरा वर्षांची शेफाली बसली होती, आणि तिला गोष्ट नको होती.

"मॅडम, माझी आई इथे वाचायची. नम्रता. मी दीड वर्षाची असताना ती गेली. घरी फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. बाबांना काही विचारावं, तर गेल्या वर्षी तेही गेले."

"मॅडम नको, ताई म्हण. इथली पोरंही तेच म्हणतात."

नम्रता त्यांना लख्ख आठवत होती. लग्न होऊन गोंदियाहून आलेली, पोटुशी असतानाही स्वारगेटवरून चालत यायची. चेहरा आठवत होता, साडीचा रंगही आठवत होता. आवाज मात्र डोक्याला कितीही ताण दिला तरी येईना.

त्यांनी संगणकावर नाव टाकलं. काहीच आलं नाही.

मुलांना शिकवताना त्या नेहमी सांगत, फाइलीच्या आत गोष्ट असते आणि फाइलीसोबत तिची ओळख असते. गोष्टीचं नाव काय, ती कुणी वाचली, कधी वाचली. या ओळखीलाच मेटाडेटा म्हणायचं. गोष्ट ऐकायला ती लागत नाही, पण शोधायला निघालात तर तिच्यावाचून पान हलत नाही.

आता वाचकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत कोरी जागा होती. तारीख होती, पण सगळ्यांची एकच. मोबाइलवर चालाव्यात म्हणून सगळ्या फाइली लहान करून घेतल्या, तो दिवस.

ते काम खराडीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या दत्तप्रसादने सुट्टीच्या दिवशी येऊन केलं होतं. नीरजाताईंनी त्याला फोन लावला.

"ताई, ते सॉफ्टवेअर फक्त टायटल ठेवायचं. तेव्हाच सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, मुलं गोष्टीच्या नावानेच शोधतात, तेवढं बास."

"अरे, पण प्रत्येक बाई सुरुवातीला आपलं नाव सांगायची ना?"

"ते पण कापलं, ताई. पोरं कंटाळतात, लगेच गोष्ट सुरू झाली पाहिजे, हे तुमचंच म्हणणं."

"आणि मूळ फाइली?"

"जुन्या मशीनवर. ते तुम्ही भंगारात दिलंत."

कागदावर नोंद करणं तर त्यांनी त्याच्याही आधी थांबवलं होतं. नाव फाइलीत आहेच, पुन्हा लिहायचं कशाला?

शेफालीने हेडफोन लावले आणि एकेक आवाज ऐकत राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिने मान वर केली.

"मघाशी गोंदियाच्या मामाला यातल्या तीन मोबाइलवर पाठवल्या होत्या."

"काय म्हणाला?"

"पहिली ऐकून म्हणाला, हीच. रडला. दुसरी ऐकून म्हणाला, नाही, ही. मग म्हणाला, बेटा, मले काही समजूनच नाही राहिलं." तिने हेडफोन पुढे केले. "तुम्ही ऐका. तुम्ही तिच्यासोबत बसायचात."

कुणीतरी बाई कोल्ह्याची गोष्ट वाचत होती. आवाज गोड होता, मुलांसाठी मुद्दाम वर-खाली केलेला. इथे बसून सगळ्याच तसं वाचायच्या. नीरजाताईंनीच त्यांना तसं शिकवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पोर आई मिळाली म्हणून घरी गेली असती. पण ही बाई दुसऱ्याच कुणाची आई असू शकत होती, या घडीला मंडईत भाजी घेत उभी असलेली.

"नाही सांगता येत, बाळ."

"बरं."

"सगळ्याच देते पेन ड्राइव्हवर. घरी निवांत ऐक."

"नको, ताई. कुणालाही आई समजायला लागेन मी. आत्ताच लागलेय."

ती उठली, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाजात वाचन चालूच होतं. नीरजाताईंनी ते बंद करायला हात पुढे नेला आणि तसाच ठेवला. आपण कुणाला गप्प करतोय, हेही त्यांना सांगता आलं नसतं.