टाकणखारात बुडवलेला झगा

माझी खापरपणजी नाटकगृहाच्या तळघरातली धुलाईखोली सांभाळायची. हाताखाली चार बायका, दोन मोठे हंडे, एक दगडी हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. तिची मुलगी, म्हणजे माझी पणजी, त्याच इमारतीत चाळीस पायऱ्या वर बॅले नाचायची. उंच, काटकुळी आणि एका पायावर कितीही वेळ उभी राहणारी, म्हणून सगळे तिला बगळी म्हणत. नाचात ती मागच्या रांगेत असे. घरात मात्र तिचा रुबाब पहिल्या रांगेतला होता.

बॅलेच्या फुललेल्या झग्याला आज टुटू म्हणतात. तो शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, नुसतं झगा म्हणत. त्याच्याही आधीच्या काळात नर्तकी जमिनीवर लोळणारे जड रेशमी झगे सावरत नाचायच्या. पाय काय करतायत ते कुणाला दिसायचंच नाही. मग कुणीतरी काठ घोट्याच्या वर नेला. पुढे रेशीम गेलं, मलमल आली, आणि खापरपणजीच्या काळापर्यंत झगा पोटरीपर्यंत पोचला होता. पांढराशुभ्र, पाच-सहा पदरांचा, घंटेसारखा फुललेला. गॅसच्या दिव्यांत तो धुक्यासारखा दिसे. पण ते दिवे म्हणजे उघड्या ज्योती. रंगमंचाच्या कडेला त्यांची ओळ, आणि विंगांमधल्या खांबांवरही. मलमलीचा इतका हवेशीर पसारा एकदा पेटला की विझवायला सवड मिळत नसे.

दुसऱ्या एका शहरात एक नर्तकी अशीच भाजून गेली. बातमी आली तेव्हा आमच्या नाटकगृहाच्या व्यवस्थापकांनी फर्मान काढलं, की सगळे झगे तुरटीच्या पाण्यात बुडवायचे. तुरटी लागलेलं कापड भडकत नाही, असं त्यांना कुणा औषधवाल्यानं सांगितलं होतं. खापरपणजीनं बुडवले. झगे वाळले ते पुठ्ठ्यासारखे कडक, आणि वर जुन्या दातांसारखे पिवळट. नर्तकींनी ते अंगाला लावायलाही नकार दिला. सगळ्यांत पुढे होत्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य नर्तकी. त्यांच्या नावावर तिकिटं खपत, त्यामुळे त्यांच्यापुढे व्यवस्थापकांचं काही चालत नसे. आम्ही आमच्या जबाबदारीवर साध्याच झग्यात नाचू, असं त्यांनी लिहून दिलं. बाकीच्यांनी खाली सह्या ठोकल्या, बगळीनंही. व्यवस्थापकांनी कागद खणात ठेवला आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

खापरपणजीनं तो संपवला नाही. एक झगा ती तुरटीत बुडवतच राहिली, तो बगळीचा.

बगळी चिडली. रंगमंचावर बत्तीस पांढऱ्या झग्यांत तिचा एकटीचा मळका दिसायचा. चिखलातून चालत आलीस का, असं पोरी विचारायच्या. नृत्यमास्तरांनी तिला रांगेच्या अगदी टोकाला, विंगेला लागून उभी केली, म्हणजे ते पिवळं लोकांच्या नजरेत येणार नाही. त्या दिवशी घरी येऊन तिनं जेवणाच्या ताटावरच भांडण काढलं. मी कागदावर सही केलीय, असं तिनं आईला ठणकावलं.

“सही तू केलीस,” आई म्हणाली. “मी नाही केलेली. प्रेक्षकांना तू दिसली नाहीस तरी चालेल. मला तू रोज घरी दिसायला हवीस.”

बगळी ताट सरकवून उठली आणि आठवडाभर रुसून राहिली.

खरं सांगायचं तर खापरपणजीलाही ते पिवळं झोंबत होतं. तीस वर्षांत तिच्या हातच्या कपड्याला कुणी मळका म्हटलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती धुलाईखोलीत जायची, मलमलीच्या चिंध्या वेगवेगळ्या पाण्यांत बुडवून वाळवायची आणि एकेक चिंधी मेणबत्तीवर धरायची. रुसवा गेल्यावर बगळीही जायला लागली. तिचं काम एवढंच, की चिंधी किती आकड्यांत पेटते ते मोजायचं. साधी मलमल दोन म्हणेपर्यंत राख व्हायची.

तुरटीचं कापड गरम इस्त्रीखाली पिवळं पडतं, हे खापरपणजीच्या लक्षात आलं. तिनं तुरटीच बाद केली. साहेबलोकांच्या कॉलरला चकाकी यावी म्हणून ती खळीत चिमूटभर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालत असे. आता तिनं चिमटीऐवजी ओंजळ घातली. खळ काढूनच टाकली. शेवटच्या पाण्यात नीळ, वाळवणं सावलीत, इस्त्री कोमट आणि उलट्या बाजूनं. चार महिने गेले, हातांची सालटी निघाली. मग एका सकाळी तिनं चिंधी ज्योतीवर धरली, बगळीनं वीसपर्यंत मोजलं, आणि कापडाला नुसतं काळं भोक पडलं. धूर निघाला, पण ज्वाळा नाही. आणि चिंधीचा उरलेला भाग पांढरा होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खापरपणजी म्हणाली, “आता झगा आण.”

नव्या नृत्याची रंगीत तालीम दुपारी होती. पहिल्यांदाच बगळीचा झगा इतरांसारखा दिसत होता. जरासा जड होता एवढंच, आणि तेवढं तिलाच कळत होतं. तरी मास्तरांनी तिची जागा बदलली नव्हती. तिसऱ्या फेरीत शेजारच्या मुलीचा तोल गेला, तिचा धक्का बगळीला लागला, आणि बगळीच्या झग्याचा घेर सरळ विंगेतल्या ज्योतीवर गेला. कुणीतरी किंचाळलं. वादन थांबलं. पाण्याची बादली घेऊन एक कामगार धावला.

बगळीनं खाली पाहिलं. काठाशी तळहाताएवढं भोक, कडा काळ्या, थोडा धूर. तिनं ते दोन्ही हातांनी चुरगाळून विझवलं. मग मास्तरांना विचारलं, की कुठल्या मात्रेपासून पुन्हा सुरू करायचं.

भीती नंतर वाटली, पायऱ्या उतरताना, असं पणजी पुढे माझ्या आजीला सांगायची. त्या क्षणी तिला फक्त अभिमान वाटला होता. आपल्या अंगावर आईचं काम आहे आणि ते सगळ्यांसमोर टिकलं, याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई धुलाईखोलीत आल्या. याआधी त्या कधीच खाली आल्या नव्हत्या. वाट विचारत आल्या. हातात स्वतःचा झगा होता. चारही बायका काम सोडून उभ्या राहिल्या. खापरपणजीनं हौदातले हात बाहेर काढले, पुसले आणि विचारलं, काय काम काढलंत.

“तुमच्या मुलीच्या झग्याला जे लावलंत, ते याला लावाल?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“लावीन. ठेवा तिथं, बाकीच्या पोरींच्या झग्यांच्या ढिगाच्या शेवटी.”

“शेवटी का? पहिला प्रयोग तीन दिवसांवर आहे.”

“तीन दिवसांत सगळे होतील,” खापरपणजी म्हणाली. “पण आधी टोकाच्या पोरींचे होणार. ज्योती त्यांच्याजवळ आहेत. तुम्ही मध्ये नाचता.”

आता खापरपणजीची नोकरी जाणार, असं त्या चार बायकांना वाटलं. मोठ्या बाईंनी झगा घडी करून ढिगाच्या शेवटी ठेवला. जाता जाता म्हणाल्या, की तो सही केलेला कागद खणातून काढून फाडायला लावते. आणि खरंच लावला.

पहिल्या प्रयोगाला खापरपणजी आयुष्यात प्रथमच प्रेक्षकांत बसली. मोठ्या बाईंनीच खुर्ची ठेवायला सांगितली होती. शेजारच्या गृहस्थांनी पडदा उघडताच बायकोला म्हटलं, की इतके पांढरे झगे आपण कुठे पाहिले नाहीत. खापरपणजी वळून म्हणाली, “मी धुतलेत.” आणि पुन्हा समोर बघायला लागली.

बगळी पुढे दुसऱ्या रांगेपर्यंत पोचली, त्याच्या पुढे नाही. गुडघे बोलायला लागल्यावर ती शिवणखोलीत गेली, आणि तिथं तिनं नाव काढलं. तोवर नवी अवघड पावलं आली होती, भराभर गिरक्यांची, आणि ती लांब झग्यात दिसत नव्हती. आमच्या नाटकगृहात झगा गुडघ्यापर्यंत कापला तो बगळीनं. काही जुने प्रेक्षक रागावले. खापरपणजी तेव्हा थकली होती, घरीच असायची. तिला बातमी सांगितली तर ती हसून म्हणाली, की बरं झालं, धुणं निम्मं झालं.

पुढे विजेचे दिवे आले आणि ज्योती गेल्या. झगा चढत चढत कमरेशी आला, आडवा झाला, जाळीचे दहा-बारा पदर आणि आत तारेचं कडं. आजीनं तसे शिवले, आईनं शिवले. आता मी शिवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सुई देत नाही. आधी ही गोष्ट सांगते, आणि सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.