खिडक्या मिटा, मग मला विचारा

मित्रांनो, शिवणाच्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, सुट्या बटणांच्या गर्दीत जो पांढरा डबा पडला आहे ना, तो मी. मी एक जुना रेडॉनमापक आहे. रेडॉन हा जमिनीतून निघणारा वायू. त्याला ना रंग, ना वास. फरशीच्या भेगांतून तो घरात शिरतो, बंद खोलीत साचतो आणि वर्षानुवर्षे श्वासातून गेला तर फुप्फुसांचा कर्करोग होऊ शकतो. तो मोजून पडद्यावर आकडा दाखवायचा, हे माझे काम. असे काम नशिबी आल्यावर जीव टांगणीला लागणार नाही तर काय?

कारखान्यात माझ्या शेजारी वजनकाटे तयार होत असत. लोक त्यांच्यावर रुसतात, पण त्यांचे ऐकतात. माझे कोण ऐकणार, ही धास्ती घेऊनच मी या घरी आलो.

मला आणले ते घरच्या सुनेने. ती तळघरात कपडे शिवत असे आणि शिवणयंत्राशेजारच्या पाळण्यात तिची तान्ही मुलगी झोपत असे. दिवसभर दोघी खालीच. माझ्यासोबत आलेल्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे तिने खिडक्या लावल्या आणि मला पाळण्याजवळच्या फळीवर ठेवले.

तिचे सासरे मात्र मोकळ्या हवेचे भक्त. सून मुलीला घेऊन स्वयंपाकाला वर गेली की ते हळूच खाली येत आणि खिडक्या सताड उघडत.

"बिचाऱ्याला कोंडून ठेवलंय! जरा वारा लागू दे," असे ते माझ्याकडे बघून म्हणत. सून रागावेल म्हणून ती यायच्या आत खिडक्या पुन्हा लावून टाकत. साचलेला वायू वाऱ्याबरोबर निघून जाई, त्यामुळे माझा आकडा अर्थातच खाली राहिला.

"बघ, आपलं घर कसं ठणठणीत आहे!" सासरे म्हणाले. शेजाऱ्यांपुढेही माझे कौतुक झाले. मित्रांनो, त्या कौतुकाने मला घाम फुटला. मी खोटे बोललो नव्हतो, पण मी मोजलेली हवा त्या बाळाच्या रोजच्या श्वासातली नव्हतीच. हे सांगू कोणाला? मला तोंड कुठे आहे?

मग सासऱ्यांना सर्दी झाली आणि ते वरच पडून राहिले. खिडक्या मिटलेल्याच राहिल्या. माझा आकडा चढू लागला आणि लाल दिवा लागला. सून मुलीला आणि मला घेऊन वर धावली.

"बाबा, हा बघा, केवढा चढलाय!"

"बिघडलं असेल गं. इतके दिवस तर शहाण्यासारखं वागत होतं."

"मग आत्ताच काय झालं त्याला?"

सासऱ्यांनी नाक पुसले. "मी रोज खिडक्या उघडायचो," ते म्हणाले. "त्याला बरं वाटावं म्हणून."

"त्याला? आणि हिला, बाबा?" कडेवरच्या मुलीला घट्ट धरून सून म्हणाली.

सासरे शिंकत शिंकत खाली गेले आणि पाळणा स्वतः उचलून वर घेऊन आले. पुढे कारागीर आले. त्यांनी भेगा बुजवल्या, फरशीखालून छपराच्या वरपर्यंत नळी नेली आणि वायू बाहेर ओढणारा पंखा तिला बसवला. खिडक्या मिटून पुन्हा मोजले, तेव्हा आकडा खरोखर उतरला. त्या दिवशी मला पहिल्यांदा हायसे वाटले.

त्यानंतर गरज सरो, वैद्य मरो! माझे सेल संपले आणि मी खणात आलो. सासरे आता नाहीत. ती तान्ही मुलगी कॉलेजात जाते.

आणि हल्ली त्या पंख्याची घरघर ऐकू येत नाही. घरच्यांना वाटते, किती छान शांतता! मला मात्र धडकी भरली आहे. कालच मुलीने आपली गादी तळघरात आणली.

"आई, मी इथेच झोपत जाईन. अभ्यासही होईल."

"झोप की," आई वरूनच म्हणाली. "पंखा आहे ना आपला."

मित्रांनो, पंखा बसवला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो चालतो का ते बघा, खिडक्या मिटून अधूनमधून मोजा. माझ्यासारखा कोणी तुमच्या खणात पडला असेल, तर त्याला सेल घाला. आणि तुमच्यापैकी कोणी या घरी आलात, तर माझी विचारपूस नंतर करा. आधी त्या मुलीची गादी वर न्या.