मऊ की कडक

निवृत्त झाल्यावर माणसं बाग लावतात, नाहीतर गुडघ्यांच्या औषधांवर चर्चा करतात. मोजणीदारांनी जुनी जीप घेतली. नुसती घेऊन थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण त्यांनी ती अडीच इंच उचलून घेतली, दगडधोंड्यांतून नेता यावी म्हणून. बायको त्या जीपला सरळ ‘माझी सवत’ म्हणायची. पहिल्या दिवशी एकदा कशीबशी चढली, उतरताना साडी अडकली, आणि त्यानंतर तिने त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

बसायची ती लेक. लेकीचं शिक्षणच दगडांचं. सुट्टीच्या दिवशी दोघं बापलेक पहाटे निघायचे आणि जिथे रस्ता हात टेकतो तिथून पुढे जायचे. प्रत्येक मुक्कामाचा एक दगड ती उचलायची, पांढऱ्या रंगाने त्यावर तारीख आणि क्रमांक घालायची आणि मागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. गाडी खड्ड्यात जाणार असं दिसलं की मोजणीदारांचा एक हात आपोआप तिच्या सीटपुढे आडवा जायचा.

“बाबा, पट्टा लावलाय मी! लहान आहे का आता?”

तिने कितीही आरडाओरडा केला तरी हात जायचाच.

चार वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी परदेशी गेली. जाताना म्हणाली, “पेटी काढू नका हं. आले की राहिलेल्या टेकड्या संपवून टाकू.” म्हणून पेटी गाडीतच राहिली. तंबू राहिला, तिची घडीची खुर्ची राहिली, पाण्याचे दोन मोठे कॅनही राहिले. दर महिन्याच्या एक तारखेला मोजणीदार कॅनमधलं शिळं पाणी झाडांना घालायचे आणि ताजं भरून ठेवायचे. बायको खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे किती बोलते आहे, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

यंदा मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळायला लागलं. साधा गतिरोधक ओलांडला तरी जीप तीन-चारदा डुलायची आणि प्रत्येक डुलणं मोजणीदारांच्या कमरेत उमटायचं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि गाडी विकायला सांगितलं. पट्टा त्यांनी घेतला, सल्ला तिथेच टेबलावर ठेवला आणि थेट गॅरेज गाठलं.

“शॉक बदलायचेत,” ते मिस्त्रीला म्हणाले, “आणि मागच्या स्प्रिंगाही गेल्यात. ही वही बघा. उचलली तेव्हा अडीच इंच होती. आता मागून जेमतेम सव्वा भरते. चार वर्षं दर महिन्याला मोजतोय मी.”

मिस्त्री तोंडाने फटकळ, पण हाताने देवमाणूस. त्याने वही उघडलीसुद्धा नाही. गाडीखाली सरकला, टॉर्च फिरवला आणि आतूनच ओरडला, “स्प्रिंगा ठणठणीत आहेत, साहेब. मागे काय भरलंय?”

“काही नाही. नेहमीचंच सामान.”

मिस्त्री बाहेर आला. मागचं दार उघडून त्याने पेटीचं कडं धरलं आणि ओढून पाहिलं. पेटी जागची हलली नाही.

“हे नेहमीचं?” तो म्हणाला. “दीड-दोन माणसांचं वजन आहे इथे. स्प्रिंग बसणार नाही तर काय नाचणार?”

मोजणीदार कानापर्यंत लाल झाले. तीस वर्षं जमिनी मोजताना त्यांनी हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती: यंत्र शून्यावर आणल्याशिवाय माप घ्यायचं नाही. जो विसरला त्याला भर उन्हात शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत परत पाठवलं होतं. आणि स्वतः मात्र अठ्ठेचाळीस वेळा भरलेल्या गाडीचं माप घेऊन ते रिकाम्या गाडीच्या मापाशी ताडत बसले होते. पेटी सामान आहे हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. त्यांच्या लेखी ती गाडीचाच भाग झाली होती.

मिस्त्रीने चाकं अधांतरी लोंबकळू दिली, टेप लावला, मग जॅकने वर दाबून पुन्हा माप घेतलं. “लांबीचं ठरलं. उचललेल्या गाडीला कंपनीचे शॉक आखूड पडतात, ताणले की तुटतात. आपण लांबवाले टाकू. आता एवढंच सांगा, मऊ की कडक?”

“फरक काय?”

“हे सगळं घेऊन फिरणार असाल तर कडक. नाहीतर मागून झोकांड्या खाल. एकटेच फिरणार असाल तर मऊ. रिकाम्या गाडीत कडक टाकले तर ही कंबर वर्षभरात माझ्याकडे दुरुस्तीला येईल.”

“फिरवून मऊ-कडक करता येणारे असतात ना?”

“असतात. तुमच्या लांबीत मिळत नाहीत.” मिस्त्रीने कागद-पेन काढलं. “तेव्हा बोला. गाडीत माणसं किती?”

साधा प्रश्न होता. मोजणीदारांनी मात्र वही उचलून काखेत मारली.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “तिला विचारा.”

“तिला शॉकचं काय विचारायचं? कामात असेल ती.”

“शॉकचं नाही हो.” तिने हातातली जुडी खाली ठेवली. “चार वर्षं झाली. तुम्ही रोज तिथल्या थंडीबद्दल विचारता, जेवलीस का विचारता. येणार आहेस का, हे एकदाही तोंडातून निघालं नाही. मी विचारते तर माझ्यावर डोळे वटारता.”

खरं होतं. विचारलं नाही तोवर ती येणार होती. म्हणून तर त्यांनी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या रिंगला लेकीने फोन उचलला. मोजणीदारांनी घसा खाकरला आणि शॉकची लांबी, गळणारं तेल, मिस्त्रीचा फटकळपणा असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. अठ्ठेचाळीस मापांचं सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. ते हसणं त्यांनी कान देऊन ऐकलं. मग ते म्हणाले, “तर मऊ घेऊ की कडक? मिस्त्री विचारतोय, माणसं किती.”

पलीकडचं हसणं थांबलं. ही पोरगी बापाबरोबर याच गाडीखाली उताणी पडून पाने-पकडी देत आली होती. प्रश्न काय आहे ते तिला बरोबर कळलं.

“बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “मऊ घ्या.”

“बरं.”

“इथलं काम अजून पाच वर्षं वाढवलंय त्यांनी. मी हो म्हटलंय. सांगायचं होतं, पण तुम्ही दर वेळी थंडीचंच विचारत होता.”

“बरं, बरं. कमरेलाही मऊच बरे म्हणे.”

“पेटी अंगणात ठेवा. दगडच आहेत ते, त्यांना काय होतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी उतरवली. आख्खी उचलणं शक्य नव्हतं, म्हणून एकेक दगड काढून भिंतीशी तारखेप्रमाणे लावला. बायकोने हातभार लावला. शेवटी तंबू आणि खुर्ची उतरवली, कॅन रिकामे केले. मग सवयीने टेप लावला. पुरे अडीच इंच. ते टेप गुंडाळत तिथेच उभे राहिले.

चार दिवसांनी शॉक बसले. गॅरेजमागच्या सुनसान गल्लीत एक उंच गतिरोधक होता. मिस्त्री सगळ्या गाड्या तिथेच तपासायचा. “न्या एकटेच,” तो म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी पोचतात तोच फोन वाजला.

“बसवले का? आवाज येतो का?” लेकीने विचारलं.

“थांब, तूच ऐक.”

त्यांनी फोन हातात धरून ठेवला आणि गाडी सावकाश पुढे घेतली. गतिरोधक जवळ आला तसा तो हात, फोनसकट, आपोआप शेजारच्या सीटपुढे आडवा गेला. जीप वर चढली, खाली उतरली आणि एकदाच डुलून जागेवर आली.

“काहीच ऐकू आलं नाही, बाबा.”

“हो ना. मऊ आहेत अगदी.”

तिने फोन ठेवला नाही. पलीकडून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

“अजून एकदा न्या ना,” ती म्हणाली.

मोजणीदारांनी गाडी वळवली.