भात्याचा दांडा

"आबा, तुमी पुढच्या बाकावर बसा. आज भाता कुनीबी मारंल," माया म्हणाली.

"कुनाला येतंय?" नाथाजीनं विचारलं.

समोर वेदीजवळ मायाच्या आईची, संयोगिताची, शवपेटी ठेवली होती. पाचगणीच्या शाळेतले संगीताचे अमृत सर वाजवायला आले होते. पाळकसाहेब वाकून म्हणाले, "नाथाजी, सरांनी गाडीतून कीबोर्ड आणलाय. तोच लावू."

"नगं. चाळीस वर्सं तिनं ह्योच बाजा वाजवला."

तो उठून बाजाच्या मागं गेला.

गावच्या चर्चमधला तो जुना पाइप ऑर्गन. गाव त्याला बाजाच म्हणे. लाकडी पडदीमागं कुणीतरी दांडा खालीवर करत राहिलं की भाता फुगायचा, भिंतीएवढ्या नळ्यांत वारा शिरायचा, तेव्हा कुठं सूर निघायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी संयोगिता पट्ट्यांपुढं बसली आणि नाथाजी दांड्यावर उभा राहिला. वाजवताना तुझी बायको लय देखणी दिसते, असं लोक सांगायचे. त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. मध्ये पडदी होती. दोन कडव्यांमध्ये ती किती थांबते, शेवटच्या ओळीला वारा किती जास्त लागतो, एवढं मात्र त्याच्या दंडांना ठाऊक होतं.

सरांनी गीत सुरू केलं. त्यांचा हात भरभर चालत होता. नाथाजी आपल्या जुन्याच लयीत दांडा मारत राहिला. दुसऱ्या कडव्यात वारा कमी पडला, सूर पडला. त्यानं वेग वाढवला. इथं आल्यावर तरी रडू येईल, असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. खांदा तेवढा दुखत होता.

गीत संपलं तरी दांडा चालूच राहिला. शेवटी अमृत सर पडदीमागं आले.

"काका, झालं."

"पेटी न्हेली?"

"हो. सगळे बाहेर थांबलेत तुमच्यासाठी."

नाथाजीनं दांडा सोडला. "ती सावकाश वाजवायची."

"मला माहीत नव्हतं, काका."

"तुमाला कसं म्हाईत असंल."

बाकं रिकामी झाली होती. दाराबाहेर त्यानं चपला पायांत सरकवल्या आणि तो चालू लागला.

"आबा, थांबा," माया म्हणाली आणि त्याच्या पायांशी बसली. डावी चप्पल उजव्या पायात गेली होती. तिनं दोन्ही काढल्या आणि एकेक करून नीट घातल्या. तोवर पेटी खांद्यावर घेतलेली माणसं फाटकापाशी उन्हात उभी राहिली.